न मिटलेला चोपडा: फुगलेल्या मेलफाईलमधून पत्रे परत मिळवण्याचा आढावा

सुरतेच्या कापड बाजारात दिवाळीला चोपडापूजन होते. जुना लाल चोपडा मिटतो, नव्याच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक उमटते आणि जुना माळ्यावर जातो. नंदुरबार, धुळे, जळगावकडून येऊन लिंबायतमध्ये घर केलेली कितीतरी खानदेशी माणसे रिंग रोडच्या मार्केटांत आणि उधना-पांडेसराच्या कारखान्यांत बिलिंग सांभाळतात. दरवर्षी ती ही पूजा पाहतात. त्याच टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये मात्र एक चोपडा असा असतो की तो कधीच मिटत नाही. ती आउटलुकची मेलफाईल. पार्टीची ऑर्डर, डिझाइनचा फोटो, ट्रान्सपोर्टची बिल्टी, पेमेंटची कबुली असे सगळे तिच्यात वर्षानुवर्षे साठत राहते आणि एके दिवशी ती उघडतच नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वी लिंबायतच्या एका एम्ब्रॉयडरी युनिटमध्ये मी अशी फाईल पाहिली. ऑपरेटर मुलगा रडवेला झाला होता. “भाऊ, आठ वर्षांचं सगळं त्याच्यातच आहे,” एवढेच तो परत परत म्हणत होता. फाईल २ जीबीच्या थोडी पुढे गेली होती. मी पोहोचण्याआधी कोणीतरी दुरुस्तीचे साधन थेट मूळ फाईलवर चालवले होते. फाईल उघडली, पण शेवटच्या काही महिन्यांची बरीच पत्रे तिच्यात नव्हती, आणि ज्यावर पुन्हा प्रयत्न करावा अशी दुसरी प्रत कुठेच नव्हती. त्या दिवसापासून या प्रश्नाकडे मी एकाच नजरेने पाहतो. अशा वेळी कोणते साधन वापरले, याच्या आधी कामे कोणत्या क्रमाने केली, हे विचारावे लागते.

मर्यादा तीन, फाईली दोन प्रकारच्या

आउटलुक आपली पत्रे ज्या फाईलमध्ये ठेवते तिचे शेपूट पीएसटी. आउटलुक ९७ पासून २००२ पर्यंतच्या आवृत्त्या जी फाईल बनवत तिला आन्सी प्रकार म्हणतात. तिची कमाल मर्यादा २ जीबी. आउटलुक २००३ ने युनिकोड प्रकार आणला. २००३ आणि २००७ या आवृत्त्यांत त्याची ठरवून दिलेली मर्यादा २० जीबी होती, २०१० पासून ती ५० जीबी झाली.

या मर्यादा एका जातीच्या नाहीत, आणि गल्लीतल्या दुरुस्तीत सर्वांत जास्त चुका इथेच होतात. २० किंवा ५० जीबीची मर्यादा ही सॉफ्टवेअरने घातलेली वेस आहे. विंडोजच्या रजिस्ट्रीत ती एमबीत लिहिलेली असते. २० जीबीसाठी कमाल आकडा २०४८० आणि पुढचे लिखाण थांबवण्याचा आकडा १९४५६, म्हणजे बरोबर ९५ टक्के. हे आकडे वाढवता येतात. आन्सी फाईलची २ जीबीची मर्यादा तिच्या घडणीतच आहे. तिच्या आत प्रत्येक तुकड्याचा पत्ता ३२ बिटांत लिहिलेला असतो. रजिस्ट्रीतला कोणताही आकडा बदलला तरी ती वाढत नाही.

शिवाय नवे आउटलुक बसवले म्हणून जुनी फाईल आपोआप युनिकोड होत नाही. २००१ साली बनवलेली आन्सी फाईल नव्या आवृत्तीत जोडली तरी ती आन्सीच राहते. म्हणून पहिला प्रश्न आकाराचा नसून जातीचा असतो. फाईल उघडत असेल तर डेटा फाईलच्या प्रगत सेटिंगमध्ये प्रकार पाहावा. तिथे ९७-२००२ असे लिहिले असेल तर ती आन्सी. उघडत नसेल तर हेक्स पाहणाऱ्या एखाद्या साध्या प्रोग्रॅमने तिच्या प्रतीचे पहिले काही बाइट पाहावेत. सुरुवातीला उद्गारचिन्ह आणि मागोमाग बी, डी, एन ही अक्षरे दिसली तर ती आउटलुकचीच फाईल. पहिले दहा बाइट सोडून पुढचा आकडा दशमान पद्धतीत १४ किंवा १५ असेल तर आन्सी, २३ किंवा त्याहून मोठा असेल तर युनिकोड. दोन मिनिटांच्या या तपासणीने पुढचे दोन दिवस वाचतात.

फाईलच्या आत काय असते

परत मिळवण्याच्या पद्धतींची तुलना करायची तर आतली रचना थोडी कळायला हवी. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये या रचनेचे तपशील सर्वांसाठी खुले केले, त्यामुळे आज ती गुप्त नाही.

पत्रे फाईलमध्ये एकामागून एक सलग लिहिलेली नसतात. मजकुराचे जास्तीत जास्त ८ केबीचे तुकडे करून जिथे जागा रिकामी असेल तिथे ते टाकले जातात. कोणता तुकडा कुठे आहे, हे दोन अनुक्रमण्या सांगतात. एक तुकड्यांची, दुसरी त्या तुकड्यांतून बनणाऱ्या पत्रांची आणि फोल्डरांची. या दोन्हींचा मूळ पत्ता फाईलच्या पहिल्या पानावर असतो. कापडाचे गोदाम डोळ्यांसमोर आणा. ताके कुठेही रचलेले आहेत आणि कोणता लॉट कुठल्या घोडीवर आहे हे एका वहीत लिहिले आहे. वही फाटली तर ताके जातात असे नाही, पण सापडत नाहीत. फुगलेल्या फाईलचे बहुतेक वेळा असेच होते. पत्रे आत असतात, त्यांच्याकडे जाणारी वाट मोडलेली असते.

इथे एक दिलासा आहे. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक छोटी चिठ्ठी असते. तिच्यात तुकड्याचा क्रमांक, त्याची लांबी आणि मजकूर शाबूत आहे की नाही हे पडताळण्याचा आकडा असतो. ताक्याला बांधलेल्या टॅगसारखी. अनुक्रमणी गेली तरी या चिठ्ठ्या वाचून ती पुन्हा बांधता येते. मोडलेली अनुक्रमणी पुन्हा बांधणारी साधने, फुकट असोत वा महाग, याच चिठ्ठ्यांच्या आधारावर उभी आहेत.

एक अडचणही सांगायला हवी. आउटलुक नेहमीच्या सेटिंगमध्ये मजकुरातला प्रत्येक बाइट एका ठरलेल्या तक्त्यानुसार बदलून लिहिते. ही कुलूपबंदी नव्हे, नुसती अदलाबदल आहे. पण त्यामुळे फाईल नोटपॅडमध्ये उघडून पार्टीचे नाव शोधले तर सापडत नाही, आणि माणूस सगळे गेले असे समजून फाईलच पुसून टाकतो. मजकूर दिसला नाही म्हणून तो गेला असे धरू नका.

उपाय आणि त्यांची किंमत

पहिला उपाय प्रत काढणे. याला पर्याय नाही. आउटलुक बंद करून फाईलची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि पुढचे सगळे काम नकलेवर करावे. पेन ड्राइव्ह एफएटी ३२ पद्धतीने फॉर्मॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीहून मोठी फाईल बसत नाही. अशा वेळी फाईलच खराब आहे असा गैरसमज होतो. एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीची डिस्क घ्यावी. डिस्कमधून कटकट आवाज येत असेल किंवा नक्कल अर्ध्यावर अडत असेल तर रोग फाईलमध्ये नाही, डिस्कमध्ये आहे. तिथे जीएनयू डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने आधी पूर्ण डिस्कची प्रतिमा घ्यावी. आजारी डिस्कवर दुरुस्ती चालवली तर उरलेलेही हातचे जाते.

दुसरा उपाय युनिकोड फाईल भरली असेल तेव्हाचा. ही फाईल मोडलेली नसते, फक्त भरलेली असते. नवी फाईल बनवून जुन्या वर्षांची पत्रे तिच्यात हलवावीत आणि मग मूळ फाईल कॉम्पॅक्ट करावी. पत्रे नुसती डिलीट करून फाईल लहान होत नाही. रिकामी झालेली जागा आतच राहते आणि कॉम्पॅक्ट केल्यावरच सुटते. रजिस्ट्रीतला आकडा वाढवणे ही तात्पुरती सोय आहे. नवी फाईल बनवायला दोन दिवस मिळावेत, एवढ्यापुरतीच ती वापरावी.

तिसरा उपाय आन्सी फाईल २ जीबीच्या पुढे गेली असेल तेव्हाचा. आउटलुकच्या जुन्या आवृत्त्या फाईलला वेळेवर थांबवत नसत. यासाठी मायक्रोसॉफ्टनेच एक छाटणीचे साधन दिले होते. ते फाईलची शेपटी कापून तिला मर्यादेत आणते. सुरुवात २५ एमबीने करावी, फाईल उघडली तर पुन्हा मूळ प्रतीवरून कमी कापून पाहावे, नाही उघडली तर जास्त, असा तेव्हाचा सल्ला होता. जेवढे कापले तेवढे गेले. शेवटी लिहिलेले तुकडे बहुधा शेवटी असतात, म्हणून कापली जाणारी पत्रे बरेचदा ताजीच असतात. त्या एम्ब्रॉयडरी युनिटमध्ये झाले ते असे. साधनात खोट नव्हती. ते मूळ फाईलवर चालले, आणि कमी कापून पाहण्याची संधी संपली.

चौथे साधन आउटलुकसोबतच मिळते, स्कॅनपीएसटी. फाईल तपासताना ते आठ टप्प्यांतून जाते आणि दुरुस्तीआधी स्वतःची एक प्रत ठेवायला विचारते. हो म्हणावे. पत्रे मिळतात पण त्यांचे फोल्डर कळत नाही, तेव्हा ती ‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये येतात. एकदा चालवून थांबू नये, चुका शून्य दिसेपर्यंत पुन्हा चालवावे. छाटणीनंतर हे चालवणे गरजेचेच आहे, कारण कापलेल्या फाईलची अनुक्रमणी हवेत लटकलेली असते.

पाचवा मार्ग न कापता वाचण्याचा, आणि आन्सी फाईलसाठी मी तोच आधी करून पाहीन. रीडपीएसटी आणि लिबपीएफएफ ही मोफत, खुल्या संहितेची साधने फाईलवर काहीही न लिहिता आतली पत्रे बाहेर काढतात. लिबपीएफएफ अनुक्रमणीबाहेर पडलेली पत्रेही शोधते. आदेश टाइप करून चालवायची असल्याने दुकानांत ती फारशी दिसत नाहीत. विकतची साधने हेच काम खिडक्या-बटणांत करून देतात. ती घ्यायला हरकत नाही, पण पैसे देण्याआधी फुकट चाचणीत चार गोष्टी पाहाव्यात. ते मूळ फाईलवर लिहिते का, जोडपत्रे उघडून दाखवते का, फोल्डरांची मांडणी टिकवते का, आणि निकाल वेगळ्या युनिकोड फाईलमध्ये देते का. क्रॅक केलेली साधने वापरू नयेत. त्यांच्याबरोबर खंडणीखोर व्हायरस येतात आणि मग २ जीबीचा प्रश्न सगळ्या कॉम्प्युटरचा होतो. फाईल अनोळखी वेबसाइटवर चढवून दुरुस्त करून घेणे त्याहून वाईट. तिच्यात तुमच्या पार्ट्यांचे बँक तपशील आणि कारागिरांचे आधार क्रमांक असतात.

बाकीच्या फाईलींचे थोडक्यात. ओएसटी ही सर्व्हरवरच्या पेटीची नक्कल असते. खाते जिवंत असेल तर ती दुरुस्त करण्यात वेळ घालवू नये, ती पुन्हा तयार होते. थंडरबर्डची फाईल साध्या मजकुराची असते आणि त्यात डिलीट केलेले पत्रही कॉम्पॅक्ट करेपर्यंत जागेवर असते. आउटलुक एक्सप्रेसमध्ये प्रत्येक फोल्डरची वेगळी फाईल असे आणि तिलाही २ जीबीचीच मर्यादा होती. तिथे पत्रे गायब झाली तर रिसायकल बिनमध्ये बीएके शेपटाची प्रत आहे का, हे आधी पाहावे. आणि फाईलच पुसली गेली असेल तर साध्या हार्ड डिस्कवरून ती मिळण्याची आशा बरी असते, एसएसडीवर ट्रिम, म्हणजे पुसलेली जागा आपोआप रिकामी करण्याची सोय, चालू असल्याने फार कमी. दोन्ही ठिकाणी कॉम्प्युटर ताबडतोब बंद करावा.

मराठीची प्रश्नचिन्हे

आपल्या भाषेपुरता एक प्रश्न इथे वेगळा आहे, आणि दुरुस्तीच्या पुस्तकांत तो क्वचितच येतो. विंडोजमध्ये देवनागरीसाठी आन्सी कोडपेज कधी नव्हतेच, ती युनिकोडमध्येच आली. त्यामुळे आन्सी फाईलमध्ये मराठी, हिंदी किंवा गुजराती विषयओळ शिरली की ती प्रश्नचिन्हांची रांग होऊन बसते. गावाकडच्या नातलगाच्या पत्राचा विषय, मराठी शाळेचे निमंत्रण, गुजरातीत लिहिलेले पार्टीचे नाव, सगळ्यांचे एकच रूप होते. दुरुस्तीनंतर हे पाहून माणसाला वाटते की साधनाने मजकूर बिघडवला. मजकूर साठवला गेला तेव्हाच बिघडलेला होता.

तरीही एक वाट उरते. पत्राबरोबर आलेले मूळ हेडर जपलेले असेल तर त्यात विषयओळ रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात असते, आणि त्या अक्षरांना आन्सीची बाधा होत नाही. तो संकेत उलगडला की देवनागरी जशीच्या तशी समोर येते. पत्राचा मजकूर वेब-पानाच्या स्वरूपात असेल तर तोही पुष्कळदा शाबूत मिळतो. म्हणून प्रश्नचिन्हे दिसली की पत्र फेकू नका, त्याचे हेडर उघडा.

पत्र मिळाले, पण पुरावा टिकला का

मेल परत मिळवण्याची धडपड बहुधा पैशांसाठी असते. उधारीच्या वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांत करावा लागतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने खरेदीदाराला सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पेमेंट ४५ दिवसांपलीकडे अडवता येत नाही, पण माल कधी स्वीकारला हे दाखवावे लागते, आणि ते बरेचदा मेलमध्येच असते. जीएसटीची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात, कंपनीच्या हिशेबवह्या आठ वर्षे.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याबाबतचा मोठा निकाल आपल्या जालन्यातून गेला आहे. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद झाला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले की मूळ उपकरण न्यायालयात आणले नाही तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र आवश्यकच आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे, आणि त्याच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाईलचा हॅश आकडा नोंदवायचा असतो. हॅश म्हणजे फाईलचा अंगठा. एक बाइट बदलला तरी तो बदलतो. दुरुस्ती केली की फाईल बदलतेच. म्हणून न उघडणाऱ्या मूळ फाईलचा हॅश आधी काढून लिहून ठेवावा, मूळ तशीच जपावी आणि काय काय केले त्याची तारीखवार नोंद ठेवावी.

सगळ्यांत स्वस्त साधन

त्या युनिटची गोष्ट पूर्ण करतो. गेलेली पत्रे कुठल्याही साधनाने आली नाहीत. मग आम्ही वहीत पार्ट्यांची नावे लिहिली आणि फोन केले. पत्राला नेहमी दोन घरे असतात, एक पाठवणाऱ्याचे आणि एक घेणाऱ्याचे. पार्ट्यांनी ऑर्डरी पुन्हा पाठवल्या, सी.ए.च्या ऑफिसात बिलांच्या प्रती निघाल्या, काही पत्रे सर्व्हरवर राहून गेलेली मिळाली. बरेच जुळले, सगळे नाही. परत मिळाल्यानंतर महिनावार पत्रे मोजून पाहिली तेव्हाच उरलेली भोके दिसली. हे मोजणे कधी टाळू नये. फाईल उघडली म्हणजे पत्रे मिळाली असे होत नाही.

सुरतेला वस्तू एकाच जागी ठेवण्याची किंमत माहीत आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईच्या पाण्याने शहर बुडाले. मिठी खाडी चढली की लिंबायतच्या सोसायट्यांत पाणी शिरते. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिंग रोडच्या शिवशक्ती मार्केटला आग लागली आणि शेकडो दुकाने जळाली. ज्यांचा हिशेब फक्त दुकानातल्या कॉम्प्युटरवर असेल, त्यांच्यासाठी कोणतेच साधन उरत नाही. फुकटच्या मेलखात्याच्या भरवशावरही राहू नये. जीमेलची १५ जीबी जागा फोटोंसह मोजली जाते आणि दोन वर्षे खाते वापरले नाही तर ते पुसले जाऊ शकते.

सगळ्या पद्धती तपासल्यावर माझा निवाडा असा. भरलेल्या युनिकोड फाईलमधून जवळजवळ सगळे मिळते. मर्यादा ओलांडलेल्या आन्सी फाईलमधून बहुतेक मिळते, पण मूळ प्रत शाबूत असेल तर. आजारी डिस्क आणि पुसलेली एसएसडी यांच्याबाबत कोणी खात्री देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

यंदा चोपडापूजनाला जुना चोपडा मिटाल तेव्हा मेलची फाईलही मिटा. वर्षाचे नाव देऊन ती बंद करा, नव्या वर्षासाठी नवी उघडा. बंद केलेल्या फाईलच्या दोन प्रती काढा, पासवर्ड घाला, एक घरी ठेवा. दुसरी हार्ड डिस्क आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी जाताना पिशवीत टाका आणि आईच्या कपाटात ठेवून या. सुरतेत पाणी आले, आग लागली, डिस्क बसली, तरी तुमची पत्रे तापीच्या वरच्या अंगाला, खानदेशात सुखरूप असतील.